स्फटिकातील दोष, आयनांची वाट आणि संगणक

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, हे आपण सर्वजण जाणतो. त्याच काळात देशाच्या वीजधोरणाची आखणीही त्यांच्याकडे होती, ही गोष्ट मात्र जयंतीच्या भाषणांतून क्वचितच सांगितली जाते. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योग वाढल्याशिवाय दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची स्वच्छ भूमिका होती. आज तो प्रश्न नव्या रूपात आपल्यापुढे उभा आहे. सूर्यापासून वीज तयार करणे आता स्वस्त झाले आहे. पण सूर्य सायंकाळी मावळतो आणि मुलांचा अभ्यास रात्री असतो. दिवसाची वीज रात्रीसाठी राखून ठेवायची तर बॅटरी हवी, आणि ती गोरगरिबांना परवडणारी हवी.

अशी बॅटरी घडवताना शास्त्रज्ञ एक विलक्षण काम करतात. डोळ्यांना कधीच न दिसणारे आयन घन पदार्थाच्या आत कोणत्या वाटेने चालतात आणि कोठे अडतात, हे ते संगणकावर गणित मांडून शोधतात. प्रस्तुत लेखात या कामाची ओळख करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे. स्मरणिकेत हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघातच मिळावे, अशी आमची अपेक्षा आहे.

बॅटरीच्या पोटात काय चालते?

मोबाईलमधील लिथियम-आयन बॅटरीत दोन विद्युतअग्रे असतात. एक बहुधा ग्राफाइटचे, म्हणजे कार्बनचे. दुसरे एखाद्या धातूच्या संयुगाचे. मध्ये असणाऱ्या द्रवातून फक्त आयन जाऊ शकतात. विद्युतभारित अणूला आयन म्हणतात, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. बॅटरी वापरात असते तेव्हा लिथियमचे आयन ग्राफाइटमधून निघून आतल्या आत दुसऱ्या बाजूच्या स्फटिकात शिरतात आणि तेवढेच इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून तेथे पोहोचतात. या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहावरच आपला दिवा लागतो. चार्जिंग करताना हाच प्रवास उलट होतो. म्हणजे बॅटरी किती लवकर चार्ज होईल आणि किती जोर देईल, हे बरेचसे लिथियम आयन घन स्फटिकातून किती सहज फिरतो यावर अवलंबून असते.

१९८० साली ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हे संयुग यासाठी योग्य असल्याचे दाखवले. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये त्यावरून व्यवहारात चालेल अशी बॅटरी सिद्ध केली आणि १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली. या क्षेत्राचा आरंभ करणारे स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, गुडइनफ व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु कोबाल्टची एक दुखरी बाजू आहे. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतील काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते. तेथील हातखाणींत लहान मुले राबत असल्याचे ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने २०१६ च्या अहवालात जगापुढे मांडले. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे. आपल्या खिशातील यंत्र कोणाच्या मुलाच्या पाठीवर उभे आहे, हा प्रश्न आपल्याला पडलाच पाहिजे.

१९९७ साली अमेरिकेत टेक्सास येथे पाढी, नंजुंडस्वामी व गुडइनफ या संशोधकांनी लिथियम लोह फॉस्फेट हा पर्याय पुढे ठेवला. यात कोबाल्ट नाही. लोखंड स्वस्त व मुबलक आहे, आणि फॉस्फरसने ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवलेले असल्यामुळे तापल्यावर पेट घेण्याचा धोकाही तुलनेने कमी आहे. अडचण एकच होती. या पदार्थातून वीज काढण्याचा वेग फार कमी होता. मूळ निबंधातदेखील कमी शक्तीच्या बॅटरीसाठी उत्तम, अशीच त्याची शिफारस होती. मग प्रश्न आला की लिथियम आत नेमका अडतो कोठे?

दोष म्हणजे काय?

घन पदार्थातले अणू रांगेत बसलेले असतात. क्रमांक घातलेल्या खुर्च्यांच्या भरलेल्या सभागृहाची कल्पना करावी. प्रत्येकजण आपापल्या खुर्चीत बसला असेल आणि एकही खुर्ची रिकामी नसेल, तर कोणालाही जागा बदलता येणार नाही. पूर्ण निर्दोष स्फटिकाची अवस्था अशी असते. त्यात हालचालच संभवत नाही. मुलांच्या हाती चौकोनी पाटीत पंधरा सोंगट्या आणि एक रिकामे घर असलेला सरकवण्याचा खेळ असतो. ते एक रिकामे घर आहे म्हणून तो खेळ चालतो. सोळावी सोंगटी बसवली की खेळ संपला.

स्फटिकातील अशा रिकाम्या किंवा चुकलेल्या जागांना शास्त्रात दोष म्हणतात. हा नुसता पारिभाषिक शब्द आहे. त्यात निंदा नाही. अणू आपली जागा सोडून दोन रांगांच्या फटीत जाऊन बसतो, असा दोष रशियाच्या याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये सुचवला. धन व ऋण आयनांच्या जागा जोडीने रिकाम्या राहतात, हा दुसरा प्रकार वाल्टर शॉट्की यांच्या नावाने ओळखला जातो. तिसऱ्या प्रकारात दोन वेगवेगळ्या जातींचे अणू आपापसांत जागा बदलून बसतात. पुढच्या कथेत या तिसऱ्या प्रकाराला महत्त्व आहे.

कितीही काळजी घेतली तरी दोष टाळता येत नाहीत. एखादा अणू जागेवरून हलवायला ऊर्जा खर्चावी लागते हे खरे. परंतु तो दोष कोट्यवधी जागांपैकी कोणत्याही जागी असू शकतो. व्यवस्थेचे इतके पर्याय खुले झाले की निसर्ग थोडा खर्च सोसून काही दोष ठेवतोच. तापमान वाढेल तसे ते वाढतात. घन पदार्थातून आयन वाहतात, ही गोष्ट तशी जुनी आहे. लोहाराच्या घरी जन्मलेल्या आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या मायकेल फॅरडे यांनी १८३० च्या दशकात सिल्व्हर सल्फाइड व लेड फ्लोराइड तापवून पाहताना त्यांची वीज वाहण्याची क्षमता वाढते, हे टिपून ठेवले होते. त्याचे कारण उमगायला मात्र पुढे शंभर वर्षे जावी लागली.

संगणक काय करतो?

संगणकात एकही अणू नसतो. असतात ते आकडे. प्रत्येक आयन कोठे आहे आणि त्याचा विद्युतभार किती, एवढे आधी सांगावे लागते. मग दोन आयनांमधील बल कसे मोजायचे याचे सूत्र द्यायचे. विजातीय भार एकमेकांना ओढतात, सजातीय ढकलतात. पण फार जवळ आले तर विजातीयही एकमेकांना दूर सारतात. ऑक्सिजनसारख्या आयनाचा इलेक्ट्रॉनांचा ढग मऊ असतो, तो शेजाऱ्याच्या ओढीने कलतो. हे दाखवण्यासाठी १९५८ मध्ये डिक व ओव्हरहाउझर यांनी आयन म्हणजे एक गाभा आणि त्याला स्प्रिंगने जोडलेले कवच, अशी सोपी कल्पना मांडली. ती आजही वापरात आहे.

सूत्रे दिली की पहिली परीक्षा प्रतिमानाचीच होते. प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी मोजलेली स्फटिकाची लांबी-रुंदी संगणकाच्या उत्तराशी जुळते काय? जुळत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. जुळली, तर त्या आकड्यांच्या स्फटिकातून एक आयन काढून टाकायचा. आजूबाजूचे आयन थोडे सरकतात, नवी बैठक जमवतात. या सगळ्यासाठी किती ऊर्जा लागली हे संगणक मोजतो. स्फटिकात आयन असंख्य, मग सर्वांचे गणित कसे करणार? मॉट व लिटलटन यांनी १९३८ मध्येच, संगणक येण्याआधी, त्याची युक्ती काढून ठेवली होती. दोषाजवळच्या आयनांचे गणित एकेकटे करायचे आणि लांबच्या आयनांचे सरासरीने. गावात एका घरी दुःख झाले तर शेजारच्या चार घरांची चूल थंड राहते, वेशीबाहेर नुसती बातमी जाते, तसेच हे आहे.

यानंतर वाटेचा शोध. लिथियमला एका जागेवरून शेजारच्या रिकाम्या जागेकडे थोडेथोडे सरकवत न्यायचे आणि प्रत्येक ठिकाणी ऊर्जा मोजायची. डोंगर ओलांडताना आपण शिखरावरून जात नाही, सर्वात कमी उंचीची खिंड शोधतो. आयनाचेही तसेच असते. त्या खिंडीच्या उंचीला अडथळ्याची ऊर्जा म्हणतात आणि ती इलेक्ट्रॉन व्होल्ट या एककात मोजतात.

दुसरी एक पद्धत अधिक मूलगामी आहे. तीत बलाची सूत्रे आधी ठरवत नाहीत. इलेक्ट्रॉनांचे गणित पुंज-यांत्रिकीच्या नियमांनी सोडवतात. तिचा पाया १९६४-६५ मध्ये वॉल्टर कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. नाझी अत्याचारामुळे कोवळ्या वयात व्हिएन्ना सोडावे लागलेल्या आणि आईवडील छळछावणीत गमावलेल्या या शास्त्रज्ञाला १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही पद्धत खात्रीची, पण वेळखाऊ. म्हणून दोन्ही पद्धती आपापल्या ठिकाणी वापरल्या जातात.

लोह फॉस्फेटची कथा

२००४ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील मॉर्गन, व्हॅन डर व्हेन व सेडर यांनी पुंज-यांत्रिकीच्या पद्धतीने, आणि २००५ साली इंग्लंडमधील सरे विद्यापीठात सैफुल इस्लाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूत्रांच्या पद्धतीने लिथियम लोह फॉस्फेटचे गणित केले. इस्लाम हे बंगाली आईवडिलांच्या पोटी कराचीला जन्मलेले आणि लंडनमध्ये वाढलेले रसायनशास्त्रज्ञ. फॅरडे यांनी १८२५ मध्ये सुरू केलेली मुलांसाठीची नाताळ व्याख्याने २०१६ मध्ये देण्याचा मान त्यांना मिळाला, आणि त्यांनी विषय निवडला तो ऊर्जेचा.

दोन्ही गटांचे उत्तर एकच आले. या स्फटिकात लिथियम फक्त एकाच दिशेने चालतो. इस्लाम यांच्या गणितात त्या दिशेचा अडथळा ०.५५ इलेक्ट्रॉन व्होल्ट निघाला, तर इतर दोन दिशांचे २.८९ आणि ३.३६. या आकड्यांचा अर्थ आम्ही ढोबळ हिशेबाने सांगतो. आयन आपल्या जागी एका सेकंदात साधारण दहा लाख कोटी वेळा थरथरतो, म्हणजे तितक्या वेळा बाहेर पडण्याचा प्रयत्न करतो. अडथळा ०.५५ असेल तर नेहमीच्या तापमानाला त्यातले पाच-सहा हजार प्रयत्न सफल होतात. अडथळा २.८९ असेल तर विश्वाच्या आजवरच्या आयुष्यात एकही सफल होणार नाही. म्हणजे त्या दिशांना वाट अरुंद नव्हे, बंदच आहे. शिवाय खुली वाटसुद्धा सरळ नसून दर टप्प्याला बाक घेत जाते, असेही गणिताने सांगितले.

दोषांचे गणितही झाले. सर्वात कमी ऊर्जेत होणारा दोष म्हणजे लिथियम व लोह यांनी परस्परांच्या जागा बदलणे. येथे धोका लक्षात येतो. एकपदरी घाटरस्त्यावर एखादा ट्रक बंद पडला की मागची सारी वाहतूक खोळंबते. लोहाचा आयन लिथियमच्या जागी बसला की त्या बोळातही तसेच होते. आजूबाजूने वळसा घालायला दुसरी वाट नाही.

याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. बोळात लिथियमच्या दोन जागांतले अंतर सुमारे ०.३ नॅनोमीटर आहे. कण एक मायक्रॉन, म्हणजे हजार नॅनोमीटर लांब असेल, तर एका बोळात सुमारे ३,३०० जागा झाल्या. दर हजार जागांमागे एक चुकीचा लोह धरला तर प्रत्येक बोळात सरासरी तीन अडसर आले. दोन अडसरांच्या मध्ये सापडलेला लिथियम कायमचा कोंडला. तो बॅटरीत असून नसल्यासारखा. पण कण ५० नॅनोमीटरचा असेल तर एका बोळात जेमतेम १६० ते १७० जागा. म्हणजे सहा बोळांपैकी एकात अडसर, आणि तोही एकटा. बोळ दोन्ही टोकांना उघडा असल्याने अडसराच्या अलीकडचा लिथियम अलीकडून आणि पलीकडचा पलीकडून बाहेर पडतो. कण बारीक केल्याने हा पदार्थ इतका का सुधारतो, याचे एक कारण यात आहे. मॅसॅच्युसेट्सच्याच मलिक, बर्च, बझंट व सेडर यांनी २०१० मध्ये कणाच्या आकाराचा हा विचार सविस्तर मांडला. बारीक कण आणि त्यांवर कार्बनचा पातळ थर या उपायांनी, केवळ कमी शक्तीच्या कामाला योग्य ठरवलेला हा पदार्थ आज बस, रिक्षा आणि सौर विजेच्या साठवणुकीत वापरला जातो.

नुसत्या तर्काने मानू नये

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जो उपदेश केला तो आपल्या परिचयाचा आहे. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानू नये, हा भाग आपण नेहमी सांगतो. केवळ तर्काला पटते म्हणूनही मानू नये, हा त्याच उपदेशातील भाग मात्र आपण विसरतो. संगणकाचे प्रतिमान हा तर्कच आहे. तो कितीही झगमगीत पडद्यावर दिसला तरी तर्कच राहतो.

वरच्याच उदाहरणात पाहा. दोन्ही गटांची वाट एक निघाली, पण अडथळ्याचा आकडा एक नव्हता. पुंज-यांत्रिकीच्या गणिताने तो सुमारे ०.२७ दिला होता. आमच्याच ढोबळ हिशेबाने या आकड्यावर सेकंदाला पाच-सहा हजार नव्हे, सुमारे तीस कोटी उड्या होतात. इतका फरक असताना कोणावर विश्वास ठेवायचा? कोणावरही नाही, प्रयोग करायचा. २००८ मध्ये जपानमधील अत्सुओ यामादा यांच्या गटाने न्यूट्रॉनांचा मारा करून लिथियमच्या हालचालीचे चित्र मिळवले. लिथियम हलका असल्यामुळे क्ष-किरणांना तो नीट दिसत नाही, न्यूट्रॉनांना दिसतो. त्या चित्रात एकाच दिशेची, बाक घेत जाणारी वाट दिसली. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लिथियमच्या जागी बसलेले लोह प्रत्यक्ष पाहिले. वाटेचा आकार आणि दोषाचा प्रकार या दोन गोष्टी पडताळ्याला उतरल्या. आकड्याची काटेकोर किंमत मात्र पद्धतीनुसार बदलते, हेही तितकेच खरे.

येथे आम्हाला एक गोष्ट मोकळेपणाने सांगावीशी वाटते. अणू, पुंज-यांत्रिकी, सारे काही आमच्या ग्रंथांत आधीच होते, असे म्हणण्याची हौस आपल्या देशात सर्वत्र आहे आणि आपल्याही व्यासपीठांवरून ती अधूनमधून ऐकू येते. तथागतांना लिथियम ठाऊक होता, असे म्हटल्याने धम्माची उंची वाढत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते, ते शोधावे आणि स्वतः येऊन पाहावे, ही दृष्टी त्यांनी दिली. त्या दृष्टीने चालणारी माणसे इंग्लंडात असोत वा जपानात, ती आपल्याच वाटेवरची आहेत.

विद्यार्थी मित्रांसाठी

या क्षेत्रासाठी फार मोठी प्रयोगशाळा हवीच असे नाही. बारावीचे गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र मन लावून करावे. पदवीला असतानाच संगणकाची एखादी भाषा शिकावी. अमेरिकेत तयार झालेला लॅम्प्स आणि इटलीत मूळ असलेला क्वांटम एस्प्रेसो या आज्ञावली विनामूल्य मिळतात. लहान स्फटिकाचे गणित साध्या संगणकावरही होते. मोठ्या गणितासाठी महासंगणक लागतो, आणि त्या बाबतीत आपले राज्य मागे नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा भारताचा पहिला महासंगणक उभा केला आणि पुण्याच्याच आयसर संस्थेत आज परम ब्रह्म आहे. ज्ञात आकड्यांवरून बलाची सूत्रे स्वतःच शिकून घेणारी नवी तंत्रेही आता आली आहेत. लिथियमऐवजी मिठातल्या सोडियमवर चालणाऱ्या आणि द्रवाऐवजी घन पदार्थ वापरणाऱ्या बॅटऱ्यांचा शोध चालू आहे. तेथेही प्रश्न तोच आहे, की आयनाला वाट कोठे आहे आणि ती कोणी अडवली आहे?

विहारात येणाऱ्या मुलांना आम्ही डॉक्टर व्हा, अधिकारी व्हा असे नेहमी सांगतो. त्यात वावगे काही नाही. परंतु एखाद्या मुलीने मी स्फटिकातील दोषांचा अभ्यास करते असे सांगितले, तर तिला त्याचा काय उपयोग, असे विचारून परत पाठवू नये. काँगोच्या खाणीतील मुलाच्या डोक्यावरचे ओझे थोडे कमी करण्याचे आणि आपल्या वस्तीतील दिवा रात्रभर तेवत ठेवण्याचे सामर्थ्य तिच्या त्या अभ्यासात आहे. बाबासाहेबांनी शिकण्याचा आदेश दिला तेव्हा अमुक एवढेच शिका, अशी मर्यादा त्याला घातली नव्हती.

जयभीम!